बैठकीच्या खोलीला फिकट बदामी की गडद राखाडी?

प्रश्न : आमच्या सदनिकेतील बैठकीची खोली 10 बाय 14 फुटांची असून तिला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. दिवाळीपूर्वी रंगकाम करायचे आहे. मला पिवळसर झाक असलेला फिकट बदामी रंग आवडतो, तर मुलीला गडद निळसर राखाडी हवा आहे. कोणता निवडावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : या खोलीसाठी मी निःसंकोचपणे फिकट बदामी सुचवेन. पुण्यात भरदुपारचा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तेवढा उत्तरेकडे कललेला असतो आणि त्यातलेही बरेच दिवस ढगाळ जातात. त्यामुळे वर्षातील बहुतेक काळ आपल्या खोलीत ऊन नव्हे, तर आकाशाचा निळसर, मंद उजेड येतो. अशा उजेडात निळसर राखाडी रंग शेडकार्डावर दिसतो त्याहून अधिक थंड आणि काळपट वाटतो, तर बदामीतील पिवळसर झाक हा थंडपणा सौम्य करते. भिंत किती उजेड परत फेकते हे 0 ते 100 या मापात मोजतात. फिकट बदामी छटा सहसा 70 च्या आसपास, तर गडद राखाडी छटा बहुधा 15 च्या खाली असतात. एकाच खिडकीच्या खोलीत हा फरक दिवसाही दिवा लावायला लावतो.

गडद रंगाचे कामही जिकिरीचे असते. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे झाकणारे पांढरे रंगद्रव्य कमी असल्याने जुन्या फिकट भिंतीवर एखादा हात जास्त द्यावा लागू शकतो, आणि खिडकीलगतच्या भिंतीवर तिरपा उजेड पडला की पुट्टी ओढल्याच्या खुणा उठून दिसतात. दप्तर घासले तरी पांढुरकी रेघ उमटते.

तरीही मुलीची आवड डावलू नये. शयनगृहात मुख्यतः रात्रीचा वावर असतो. तिथे पलंगामागच्या एका भिंतीला हाच रंग, चकाकी नसलेल्या फिनिशमध्ये, फार शोभेल. मात्र आधी दिवे ठरवावेत, कारण 3000 केल्विनच्या पिवळसर प्रकाशात निळसर राखाडी मातकट दिसू शकतो आणि 6500 केल्विनच्या शुभ्र प्रकाशात बदामीची ऊब हरवते.

अंतिम निर्णयापूर्वी दोन्ही रंगांचे दोन-दोन हात 2 बाय 2 फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर देऊन ते वेगवेगळ्या भिंतींवर उभे धरावेत आणि सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली पाहावेत. पावसाळ्यात कुठे ओल आली असल्यास गळती काढून भिंत पूर्ण वाळेपर्यंत काम सुरू करू नये, मग त्यासाठी दिवाळीनंतरचा मुहूर्त धरावा लागला तरी चालेल.