न घेतलेले कर्ज आणि ‘सेटल्ड’ कार्ड

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजार भागात राहते आणि खासगी शाळेत शिकवते. सिबिल अहवालामुळे माझा गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाला. अहवालात मी कधीही न घेतलेले एक वैयक्तिक कर्ज थकीत दिसते, शिवाय बँकेशी तडजोड करून मिटवलेले क्रेडिट कार्ड अजून ‘सेटल्ड’ असेच दाखवले आहे. मी थेट ग्राहक आयोगात दाद मागू का?

उत्तर : आयोगाकडे जाण्याची घाई आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यातील कलम २१ नुसार नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र त्याच दुरुस्तीचा वाद न्यायालयात, न्यायाधिकरणात किंवा लवादापुढे प्रलंबित असेल तर दुरुस्ती करता येत नाही, असेही तेच कलम सांगते. आधी दावा लावला, तर तोच आडवा येण्याचा संभव आहे.

कार्डाची गोष्ट वेगळी आहे. बँकेने काही रक्कम सोडून देऊन खाते मिटवले असेल, तर ‘सेटल्ड’ ही नोंद आपल्याला अडचणीची असली तरी खरी आहे. सोडलेली रक्कम भरल्यास खाते ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) दाखवणार का, हे बँकेला स्वतंत्र पत्राने विचारावे. खऱ्याखोट्या नोंदी एकाच तक्रारीत घातल्या की खोटीवरचा आपला मुद्दाही पातळ होतो.

न घेतलेल्या कर्जाच्या नोंदीत कर्जदात्याचे नाव, खाते उघडल्याची तारीख आणि खाते क्रमांक पाहावा, तसेच अहवालातील पत्ते व मोबाइल क्रमांक तपासावेत. पॅन आपला पण मोबाइल भलत्याचाच असेल, तर कागदपत्रांच्या गैरवापराची शक्यता धरून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत पुढे जोडावी. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तीच नोंद इतरत्रही आहे का, हे त्यावरून कळेल.

यानंतर माहिती कंपनी आणि कर्जदाता अशा दोघांकडेही लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक जपून ठेवावा, कारण कर्जदात्याने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. तक्रारीच्या निवारणासाठी ३० दिवसांची मुदत आहे. त्यापैकी २१ दिवसांत कर्जदात्याने सुधारित माहिती कंपनीला पाठवायची असते. मुदत उलटल्यास रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने दर दिवसामागे १०० रुपये भरपाई द्यायची आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेली ही तरतूद अनेकांना ठाऊकच नसते, म्हणून तिचा उल्लेख तक्रारीतच करावा.

वसुली एजंट ‘भरून टाका, मग नाव काढू’ असे म्हणतील. एक रुपयाही भरू नये आणि कर्ज मान्य असल्यासारखे काही लिहून देऊ नये; पुढे तीच आपली कबुली म्हणून दाखवली जाईल. पैसे घेऊन सिबिल ‘साफ’ करून देणाऱ्यांकडे असा कोणताही अधिकार नसतो, जो आपल्याकडे फुकट नाही.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करावी. तिला शुल्क नाही. तिथेही दाद मिळाली नाही, तर सेवेतील त्रुटीबद्दल बडोद्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, मग कर्जदात्याचे कार्यालय कुठेही असो. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. गृहकर्ज नाकारल्याचे बँकेचे पत्र नुकसान दाखवण्यास उपयोगी पडेल. ते मिळाले नसेल तर आजच लेखी मागावे.