जावेची नर्सरी आणि तुमची नोकरी

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या बारावी झालेल्या, नवरा यंत्रमागावर पाळीने कामाला. गारमेंट युनिटमध्ये नोकरी मिळतेय. साडेतीन वर्षांची मुलगी अंगणवाडीत जाते. दीर बँकेत, जाऊ घरीच. त्यांचा मुलगा इंग्रजी नर्सरीत एबीसीडी म्हणतो. सासूबाई म्हणतात, आई बाहेर पडली तर पोर मागे राहील.

ताई, नोकरी घ्या.

जाऊबाईंची निवड शहाणपणाची आणि तुमची अडाणीपणाची, असं मनात धरू नका. नर्सरी तीनेक तासांत सुटते. त्यांना सोडायला-आणायला वेळ आहे, फीला पगार आहे. तुम्हाला आठ तासांची सोय हवी. घराची मिळकत नि कामाची वेळ यांनीच बहुतेक निवड केलेली असते, आणि आपण उगीच तिला आईच्या मायेचं माप लावतो.

म्हणून सही करण्याआधी पाळणाघराचं विचारा. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर ते कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाता येतं. विचारायला लाजू नका. तिथे सोय नसेल तर दुपार सासूबाईंवर येईल; ते त्यांना गृहीत न धरता, समोर बसून ठरवा.

आता मागे पडण्याचं. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे हाताशी भरपूर वेळ आहे. बाईंना वर्गात हवं असतं ते असं: गोष्ट शेवटपर्यंत ऐकणं, शू लागली हे सांगणं, आपली बटणं लावणं, आईविना थांबणं. एबीसीडी नंतरही येते. लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, पानं-बिया-शिंपल्यांवर शिकवलं. त्या घरांत पाटीसुद्धा नव्हती.

घराचा फरक पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पुस्तकं आणि निवांतपणा असलेल्या घरात मुलांशी गप्पा आपसूक होतात. दोघं थकून येणाऱ्या घरात त्या ठरवून कराव्या लागतात. भाकऱ्या थापताना तिला गोळे मोजू द्या, अंगणवाडीत काय झालं ते विचारा. मराठीतच बोला. रात्रपाळी करून दिवसा घरी असणाऱ्या बाबांनीही, झोप झाल्यावर, सुताच्या रिकाम्या कांड्या घेऊन रंग आणि आकडे खेळावेत. हे फक्त तुमचं काम नाही.

युनिटमध्ये पाळी कोणती, ओव्हरटाइम सक्तीचा आहे का, पीएफ कापतात का, हेही लिहून घ्या. नवऱ्याची पाळी आणि तुमची पाळी एकाच वेळी येत असेल, तर आधी ती बदलून मागा.