‘ती ट्यूब लावली की बरं वाटतं’

गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग वारंवार लाल होणं, तापणं, पुटकुळ्या येणं म्हणजे रोझेशिया. तो ताब्यात राहतो, मुळापासून जात नाही. आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

वय ४१, शिक्षिका, सोलापूर. गालांच्या आगीवर मेडिकलमधून गोरेपणाची क्रीम आणली. आठवड्यात चेहरा स्वच्छ झाला. आता एक दिवस चुकला तरी भडका उडतो. काय करू?

ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली पळते. पण महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते आणि त्याच वाहिन्या फुगून कायमच्या दिसू लागतात. मूळ रोझेशिया असतोच, त्यावर हा दुसरा चढतो.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी पर्समधून अशीच ट्यूब काढली. टूथपेस्टसारखी खालून घट्ट गुंडाळलेली, शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून. ‘ही लावली की बरं वाटतं हो,’ म्हणाल्या. त्यांचा काय दोष? चिठ्ठीशिवाय ही मलमं विकता येऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले, तरी ती सहज हातात पडतात. मला याचा मनापासून राग येतो.

ट्यूब सोडायचीच, पण एकटीने नाही. त्वचारोगतज्ज्ञांना ती दाखवा, लपवू नका. सोडल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा जास्त भडकेल. त्या दिवसांत ‘एकदाच लावते’ म्हणालात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा काळ सुसह्य व्हावा म्हणून डॉक्टर गोळ्या किंवा स्टेरॉइड नसलेलं मलम देतात. घरी थंड पाण्यात पिळलेला मऊ सुती रुमाल गालांवर ठेवा. लिंबू, तुरटी, बेसन, पार्लरची वाफ आणि ब्लीच यांतलं काहीही नको.

वय ५४, शेतकरी, परभणी. नाक लाल आणि जाड होत चाललंय. मी माळकरी, तरी गावात लोक दारूवरून बोलतात.

दादा, तुमचं नाक दारूने झालेलं नाही. दारूने रोझेशिया भडकू शकतो, पण थेंबही न घेणाऱ्यांना तो होतो. नाकावरच्या तेलग्रंथी आणि त्वचा वाढून ते जाड होतं. हा प्रकार पुरुषांत जास्त दिसतो. सुरुवातीला औषधांनी आवरता येतं. एकदा जाड झालेली त्वचा मात्र मलमाने उतरत नाही, ती लेझरने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढावी लागते. म्हणून पेरणी होऊ दे म्हणून थांबू नका. रानात रुंद कडांची टोपी घाला. गांधी टोपीची सावली नाकापर्यंत पोचत नाही. हे पत्र घरच्यांना वाचून दाखवा.

चहा सोडावा का? वय ३६, ठाणे.

नको, निववून प्या. १९८१ मधल्या एका प्रयोगात गरम कॉफीने जसा चेहरा लाल झाला तसाच नुसत्या गरम पाण्यानेही झाला, थंड कॉफीने झाला नाही. खोड उष्णतेची आहे. मिसळ कुणाला बाधते, कुणाला नाही. महिनाभर वहीत लिहा: काय खाल्लं, किती ऊन, फोडणीपुढे किती वेळ उभ्या होतात. जे दोन-तीनदा सापडेल तेवढंच टाळा.

गोळ्यांनी पुटकुळ्या गेल्या. आता मलम किती दिवस लावू? शिवाय डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. वय ४७, पणजी.

डॉक्सीसायक्लिनची गोळी ठरावीक काळापुरती असते. मेट्रोनिडॅझोल, ॲझेलेइक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिनचं मलम मात्र पुढेही चालू राहतं. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणू नका. रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. झिंक ऑक्साइडचं सहसा कमी चुरचुरतं. उरलेल्या बारीक लाल रेषा मलमाने जात नाहीत, त्यांना लेझर लागतं.

डोळ्यांचं खुपणं रोझेशियाचंच असू शकतं. दिवसातून दोनदा बंद पापण्यांवर कोमट ओला कपडा ठेवा, कडा हलक्या हाताने पुसा, आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा. उजेड सहन होईना, डोळा दुखू लागला किंवा अंधूक दिसलं, तर त्याच दिवशी जा.