जुने गवत कापायचे यंत्र चोक लावल्याशिवाय चालत नाही. पेट्रोलमध्ये अ‍ॅडिटिव्ह घातल्याने फरक पडेल का?

आपले चार-स्ट्रोकचे जुने यंत्र टाकीत पेट्रोल असतानाच दोन वर्षे पडून होते आणि आता चोक काढला की लगेच बंद पडते, असे आपण लिहिले आहे. अशा स्थितीत केवळ अ‍ॅडिटिव्ह घालून काम भागेल असे मला वाटत नाही. चोक हवा अडवतो आणि मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. ज्या इंजिनाला ही मदत सतत लागते, त्याला कार्बोरेटरमधून (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून) पुरेसे पेट्रोल मिळत नाही, किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरत असते. दोन वर्षांच्या पेट्रोलाचा इतिहास पाहता पहिला संशय जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी भागावर, घ्यावा.

पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचे ऑक्सिडीकरण होते आणि कार्बोरेटरमध्ये चिकट, वार्निशसारखा थर बसतो. जेटचे छिद्र मुळातच इतके बारीक असते की पातळसा थरही ते तुंबवायला पुरतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावाही शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच निघते.

स्टॅबिलायझर म्हणून विकली जाणारी द्रव्ये ही प्रक्रिया लांबवतात. झालेली प्रक्रिया उलटवत नाहीत. क्लीनर प्रकारची द्रव्ये हलका थर हळूहळू सोडवतात, पण पूर्ण बंद झालेल्या छिद्रातून द्रवच वाहत नसेल तर ते तिथे पोहोचणार कसे? मी स्वतः एका यंत्रावर तीन टाक्या क्लीनर घालून पाहिला आणि शेवटी कार्बोरेटर उघडावाच लागला.

तेव्हा इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, स्पार्क प्लगची तार आधी काढून ठेवून जुने पेट्रोल एका डब्यात काढून घ्यावे (ते गटारात किंवा मातीत ओतू नये). फ्लोटची वाटी (कार्बोरेटरखालची, पेट्रोल साठणारी वाटी) उघडून जेट काढावा आणि कार्बोरेटर क्लीनर व दाबाची हवा वापरून साफ करावा. त्यात तार खुपसू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र किंचितही मोठे झाले तर मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. रबरी भाग क्लीनर मारण्यापूर्वी काढून ठेवावेत. जुन्या यंत्रांतल्या नळ्या आणि सील इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात, आणि त्यावर कोणतेही अ‍ॅडिटिव्ह हा उपाय नाही. त्या बदलाव्याच लागतात. उत्पादकांची पुस्तिका बहुतेक छोट्या इंजिनांसाठी इथेनॉलची मर्यादा 10 टक्के सांगते, ती पाळावी. जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलाने अशा कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला विशेष लाभ होत नाही.

स्टॅबिलायझरची खरी जागा हंगामाच्या शेवटी आहे. तो ताज्या पेट्रोलातच, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालावा आणि त्यानंतर इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते मिश्रण कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात आणि टाकीत चांगले पेट्रोल असूनही जेट तुंबतो. टाकी आणि वाटी पूर्ण रिकामी करणे हाही पर्याय आहे, आणि लांबच्या साठवणीसाठी मी तोच पसंत करतो.

आपल्याकडे दोन-स्ट्रोकचा ब्रश कटरही असेल, तर त्याच्या पेट्रोलात तेल मिसळलेले असणे ही मूळ गरज आहे. 50:1 प्रमाणात एका लिटरला 20 मिलि तेल लागते, जुन्या यंत्रांना 25:1, म्हणजे 40 मिलि, लागू शकते. स्टॅबिलायझर त्या तेलाची जागा घेत नाही.

जेट साफ करून, ताजे पेट्रोल भरूनही चोक लागतच राहिला, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधली गॅसकेट (सांधा हवाबंद ठेवणारी पातळ चकती) तपासावी; ती कडक होऊन चिरली असेल, तर जादा हवा तिथूनच शिरते.