पाच महिने नोकरी शोधतोय. स्वतःची जाहिरात करायची लाज वाटते आणि उमेदही संपत चालली आहे. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दीडशेच्या वर अर्ज झाले, तीन मुलाखती झाल्या, आणि ‘स्वतःबद्दल चांगलं बोलायला घेतलं की जीभ अडखळते’. माझंही असंच झालं होतं, म्हणून लिहितोय. मी एचआरवाला नाही, मशिन शॉपमधला, म्हणजे मशिनवर धातूचे भाग बनतात तिथला, क्वालिटीचा माणूस आहे.

२०१९ चा सप्टेंबर. वय ४१, पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बारा वर्षं झालेली. एका दुपारी अकरा जणांना एकामागोमाग केबिनमध्ये बोलावलं आणि संध्याकाळी आम्ही गेटबाहेर होतो. त्या वर्षी वाहन उद्योग आडवाच झाला होता. ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरलेली, कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांचा हात आखडलेला, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं. हे सगळं मला पाठ होतं. तरी रात्री दोन वाजता डोक्यात एकच, की मीच कुठेतरी कमी पडलो. कंपनीची बस सकाळी ६:१० ला आमच्या नाक्यावर यायची. दूध आणायला जाताना मी ती चुकवायला मागच्या गल्लीने जायचो. चोरी केल्यासारखं.

आता जाहिरातीचं. पहिल्या महिन्यात मी साठेक जणांना व्हॉट्सॲप केलं: ‘सर, सध्या जॉब शोधतोय, कुठे व्हेकन्सी असेल तर प्लीज कळवा.’ उत्तरं आली, ‘नक्की’, ‘शुअर’, अंगठा. नंतर शांतता. मला राग यायचा. मग एकाने, आमच्या कस्टमरकडून ऑडिटला यायचा तो, फोनवर सरळ विचारलं, ‘अरे पण तू नेमकं काय करतोस ते सांग ना. क्वालिटी बघतो हे सगळेच सांगतात. तुझ्यामुळे शॉपमध्ये काय बदललं?’

मी गप्प. मग आठवलं. एका हाऊसिंगच्या, म्हणजे कवचासारख्या भागाच्या, बोअरमध्ये (आतल्या गोल भोकात) आमचं रिजेक्शन, म्हणजे माप चुकून बाद होणारे भाग, चार टक्क्यांच्या वर होतं. सगळे ऑपरेटरला बोलायचे. मी आठवडाभर फर्स्ट शिफ्टला बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं साधन, घेऊन मशिनपाशी उभा राहिलो आणि जॉब (मशिनवरच्या एकेका भागाला आम्ही जॉब म्हणतो) निघाला त्या क्रमाने मापं लिहिली. खराब जॉब जवळजवळ सगळे पहिल्या वीसमधले. स्पिंडल, म्हणजे मशिनचा फिरणारा दांडा, रात्रभर थंड, सकाळी चालू झाला की गरम होत वाढतो, आणि तेवढ्यात माप सरकतं. थंडीत जास्तच. आम्ही शिफ्ट सुरू होताना वीस मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवायला लागलो आणि पहिल्या तीन जॉबचं माप सक्तीचं केलं. दोन महिन्यांत रिजेक्शन एक टक्क्याच्या आत. एक रुपया खर्च नाही.

ही गोष्ट माझ्या बायोडेटात नव्हतीच! तिथे होतं ‘प्रोसेस इम्प्रूव्हमेंटची जबाबदारी’. तुमची जीभ अडखळते ती बहुतेक यानेच. ‘मी मेहनती आहे, टीम प्लेअर आहे’ म्हणायला कोणत्याही मराठी माणसाला लाजच वाटणार. पण ‘हे असं बिघडलं होतं, मी हे केलं, मग असं झालं’ हे सांगायला कसली लाज? चहाच्या टपरीवर आपण तेच बोलत असतो. अशा तीन-चार गोष्टी आठवून काढा, आकड्यासकट. आकडा फुगवू नका, दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडाल.

मग मी मेसेज बदलला: ‘मशिन शॉपमधलं रिजेक्शन कमी करणं हे माझं काम. बोअरचं चार टक्क्यांवरून एकच्या आत आणलंय. चाकण, तळेगाव, भोसरी, कुठेही चालेल. तुमच्या ओळखीत कुणाच्या शॉपला असा त्रास असेल तर फक्त नाव-नंबर द्या, फोन मी करतो.’ नोकरी मागितली की समोरच्यावर ओझं पडतं. नंबर मागितला की तो देऊन मोकळा होतो.

आणि पाठवला कुणाला? जुन्या साहेबांना तर पाठवलाच, पण त्यांच्यापेक्षा उपयोगी पडले ते दहा कंपन्यांत फिरणारे लोक. इन्सर्ट (मशिनची कापणारी पाती) विकणारा, टेम्पोवाला, गेजचं कॅलिब्रेशन करणारे, म्हणजे गेज बरोबर माप दाखवतं का ते तपासणारे, काका. कुठे माणूस सोडून गेलाय, कुठे ऑडिटमध्ये बोंब झालीय, हे जाहिरात निघायच्या आधी त्यांना कळतं. तुमचं क्षेत्र तुम्ही सांगितलं नाहीत, पण प्रत्येक धंद्यात असे फिरते लोक असतात. अकाउंट्समध्ये असाल तर ऑडिटला येणारी पोरं, औषधात असाल तर स्टॉकिस्ट.

पोर्टलचं थोडक्यात: रिक्रूटर शब्द टाकून माणसं शोधतो. पीपीएपी (नव्या भागाला कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत), सीएमएम (मापं घेणारं मशिन), आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक) हे आमच्या कामातले शब्द माझ्या प्रोफाइलमध्ये नव्हते, म्हणजे त्याच्यासाठी मी नव्हतोच. जाहिरातीतले शब्द बघा, त्यातलं जे खरंच येतं ते त्याच शब्दांत लिहा. आणि ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागणाऱ्या कन्सल्टंटला नमस्कार करून फोन ठेवा. मी अडीच हजार घालवून शिकलोय.

उमेदीबद्दल मला फार शहाणपण नाही. भाषणांचे व्हिडिओ बघून मला दुपारी जास्तच उदास वाटायचं. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, बायकोने वही घेऊन खर्च मांडला आणि हातातल्या पैशात किती महिने निघतात ते काढलं. सात निघाले. पीएफ त्यात धरलाच नाही, तो अगदी शेवटचा म्हणून ठेवला. भीती होतीच, पण तिला तारीख मिळाली. दुसरं, त्याच वहीत मी रोज तीन फोन आणि आठवड्याला दोन प्रत्यक्ष भेटी एवढंच लिहायचो. उत्तर आलं की नाही याचा रकानाच नाही, ते माझ्या हातात नव्हतं. दुपारी एकनंतर शोध बंद. भोसरीत एका ओळखीच्या छोट्या शॉपमध्ये आठवड्यातून दोन दिवस रोजावर इन्स्पेक्शन करायचो. पैसे किरकोळ, पण हाताला गेज लागलं की माणूस सरळ उभा राहतो. शिवाय मुलाखतीत ‘मधले महिने काय केलंत?’ याला उत्तर झालं.

फेब्रुवारीत चाकणला लागलो, आधीपेक्षा कमी पगारावर. पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागलं, तो भाग सोडा. नंबर दिला होता कॅलिब्रेशनवाल्या काकांनी. पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, ‘पेढे ठेवा साहेब, आमच्या मेव्हण्याचं बघा कुठे. तोही घरी बसलाय.’

‘काय काम करतात?’

‘काहीही करेल हो.’

मी खिशातून पेन काढलं. म्हटलं, ‘काका, काहीही नको. त्यांनी केलेलं एक काम सांगा.’