जपानी शिकावे का? परदेशी पर्यटकांचे आकडे आणि मुलीचे करिअर

आदरणीय पालक,

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून जपानी भाषा शिकून अजिंठा-वेरूळ येथे गाइड म्हणून काम करण्याचा तिचा विचार आहे. मात्र भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकांची संख्या अजून २०१९च्या पातळीला पोहोचलेली नाही, हे आपल्या वाचनात आले आणि ‘पाहुणेच कमी झाले असतील, तर ही भाषा शिकून पोट भरेल का’, असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये देणे मुलीवर अन्याय करणारे ठरेल.

आपण वाचलेली माहिती बरोबर आहे. २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक भारतात आले. महासाथीत ही संख्या २०२० मध्ये २७ लाखांवर आणि २०२१ मध्ये १५ लाखांवर घसरली. त्यानंतर ती सावरत २०२४ मध्ये एक कोटीच्या जवळ आली, पण २०१९चा टप्पा गाठता आला नाही. मात्र या एकूण आकड्यात कोणाकोणाची मोजदाद होते, ते पाहिल्याशिवाय त्यावरून करिअरचा निर्णय घेऊ नये. विमानतळावर किंवा सीमेवरील नाक्यावर परदेशी पासपोर्टची जी नोंद होते, तीवरून ही संख्या निघते. त्यामुळे लग्नकार्यासाठी न्यू जर्सीहून आलेले, अमेरिकी नागरिकत्व घेतलेले आपले नातेवाईकही त्यात ‘परदेशी पर्यटक’ म्हणूनच मोजले जातात आणि वर्षातून दोनदा आलेली व्यक्ती दोनदा मोजली जाते. २०१९ मध्ये सर्वाधिक पर्यटक बांगलादेशातून आले होते, सुमारे २५ लाख. त्यांतील पुष्कळ जण जमिनीवरून सीमा ओलांडून कोलकात्यात खरेदीसाठी किंवा कोलकाता, चेन्नई, वेल्लोर येथील रुग्णालयांत उपचारांसाठी येत. ऑगस्ट २०२४ नंतर त्यांचे व्हिसा मर्यादित झाले आणि देशाचा आकडा खाली ओढला गेला, परंतु त्यामुळे अजिंठ्याच्या गाइडचे एकही काम गेले नाही.

आपल्या मुलीच्या दृष्टीने जपानचा आकडा महत्त्वाचा आहे आणि तिथे काळजीला खरोखर जागा आहे. २०१९ मध्ये जपानमधून दोन लाखांहून अधिक लोक भारतात आले होते. त्यानंतर येन या जपानी चलनाचे मूल्य इतके घसरले की जपानी माणसाला कोणताही परदेश प्रवास महाग झाला. २०१९ मध्ये परदेशी जाणाऱ्या जपानी नागरिकांची संख्या दोन कोटी होती, ती २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाखच राहिली. म्हणजे अडचण अजिंठ्याच्या आकर्षणाची नाही, खिशाची आहे. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर उभ्या राहिलेल्या जपानी पाहुण्याला जपानमधील नारा येथील होर्युजी मंदिराची, याच परंपरेशी नाते सांगणारी भित्तिचित्रे आठवतात. ती १९४९च्या आगीत होरपळली, म्हणून मूळ परंपरेतील चित्र इथे पाहणे त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट असते. हा संबंध त्याला त्याच्याच भाषेत उलगडून सांगणारे गाइड फार नाहीत, आणि मुलीला वाव आहे तो तिथे.

त्याच स्वस्त येनची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. २०२४ मध्ये जपानला तोवरचे विक्रमी, म्हणजे सुमारे ३ कोटी ६९ लाख परदेशी पर्यटक गेले. त्यांत भारतीय दोन लाख तेहतीस हजारांच्या आसपास होते आणि २०१९च्या तुलनेत ही वाढ मोठी आहे. मराठी कुटुंबांचे गट घेऊन जाणाऱ्या सहल कंपन्यांना जपानी बोलता येणारा टूर मॅनेजर हवा असतो. शिवाय दोन्ही कामांचे हंगाम एकमेकांना पूरक आहेत. अजिंठ्याचा परदेशी हंगाम ऑक्टोबर ते मार्च, तर आपल्याकडच्या मंडळींची परदेश सहल प्रामुख्याने एप्रिल-मे महिन्यांत. दिवाळीत तेवढी ओढाताण होईल. त्यामुळे तिने केवळ येणाऱ्या पाहुण्यांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये पर्यटक व्हिसा बंद झाले, ते सर्वसाधारण प्रवाशांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. तोवर केवळ परदेशी पाहुण्यांवर अवलंबून असलेल्या गाइडांच्या हाती काहीच नव्हते. पुण्यातील जपानी कंपन्यांना लागणारे भाषांतराचे काम अशा वेळी आधार देऊ शकते.

पर्यटन व्यवस्थापनाच्या महागड्या खासगी पदवीसाठी कर्ज काढू नये, अशी माझी विनंती आहे. इतिहास विषय घेऊन बी. ए. आणि त्याच्या जोडीला जपानी, हा मार्ग कमी खर्चाचा आहे आणि गाइडच्या कामाला अधिक उपयोगी आहे. पुण्यात राहणे शक्य असल्यास विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील अभ्यासक्रमांची चौकशी करावी. जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेचे एन-५ (सर्वात सोपा) ते एन-१ (सर्वात कठीण) असे पाच स्तर असतात आणि ती जुलै व डिसेंबरमध्ये होते. पदवी हाती येईपर्यंत किमान एन-३ आणि पुढे एन-२ हे लक्ष्य ठेवावे. मात्र या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते आणि गाइडचे पोट तर बोलण्यावर असते. म्हणून पहिल्या वर्षापासूनच संभाषणाचा वेगळा सराव हवा. गाइड म्हणून काम करण्यासाठी पर्यटन विभागाची मान्यता घ्यावी लागते, ती भाषेच्या प्रमाणपत्राने आपोआप मिळत नाही, हेही तिला आताच सांगावे.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी तिला एकदा अजिंठ्याला पाठवावे. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे पाहून जावे. तिथल्या दोन-तीन गाइडांना गेल्या हंगामात किती दिवस काम मिळाले, त्यात परदेशी पाहुणे किती होते आणि पावसाळ्यात घर कसे चालते, हे तिने स्वतः विचारावे. ती उत्तरे ऐकूनही तिची इच्छा कायम राहिली, तर आपण तिला अडवू नये.