लांबलचक इंग्रजी शब्द फोडताना

ताई, मुलगा मोठा शब्द दिसला की अडतो म्हणून लगेच क्लास शोधू नका. आधी दोन गोष्टी घरीच करून घ्या.

पहिली, अक्षरं मोजायची नाहीत, स्वर ऐकायचे. एका तुकड्यात स्वराचा एकच आवाज. हनुवटीखाली हात धरून बोलायला लावा, हनुवटी जितक्यांदा हाताला लागेल तितके तुकडे. सोलापुरात केगावकडे जाताना पाटीवर दिसते ती 'युनिव्हर्सिटी' घ्या: यु-नि-व्हर-सि-टी, पाच तुकडे. 'स्कूल' मात्र एकच! आपल्याकडे सर्रास 'इस्कूल' म्हणतात, मग पोरं दोन मोजणारच. 'केक'च्या शेवटचा ई मुका, तो सोडून द्या.

दुसरी, अर्थाचे भाग. 'अनकम्फर्टेबल'वर अंगठा ठेवून आधी पुढचं 'अन' झाका, मग मागचं 'एबल'. उरतो ओळखीचा 'कम्फर्ट'.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या असतात:
- यू-एन दिसलं की तोडणं. 'अंकल'मधून ते काढा, उरलेल्याला काही अर्थ राहतो का बघा. नसेल तर तो भाग नव्हेच.
- टी-आय-ओ-एन मधेच कापणं. 'स्टेशन'मधला तो 'शन' अखंड ठेवा.
- दोन्ही फोडी एकच समजणं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 'टीचर' बोलताना टी-चर, अर्थाने मात्र टीच आणि अर. दोन्ही बरोबर. वहीत दोन रंगांच्या रेघा मारायला सांगा.

जोर कुठे द्यायचा, जोडाक्षरं कुठे तुटतात, हे आत्ता काढूच नका, पोरगं वैतागेल. रोज तीन-चार शब्द पुरेत. दुकानांच्या पाट्यांवरचे घेतले तरी चालतील.